स्वस्त जेवणाचा हिशेब



"हॉटेल" हा शब्द इंग्रजींत उतारूंच्या मुक्कामाच्या जागेस लावतात. आपल्याकडे गांवोगांवीं ज्या जागेस हॉटेल म्हणतात तेथें मुक्काम तर दूरच, खाऊन झाल्यावर क्षणभर टेकून बसणेंहि मालकास रुचत नाहीं. दारांतच भट्टी, तीवर एक मोठें पातेलें, मागें चार बांकें, भिंतीवर देवाची तसबीर आणि भावाचा फळा, एवढाच त्याचा संसार. अशा जागीं पोटभर खाणें इतक्या थोड्या पैशांत कसें मिळतें, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम गिऱ्हाईक कोण तें पाहावें. मी राहतों तें सोनई गांव नेवासा तालुक्यांत, राहुरीहून शनिशिंगणापुरास जाणाऱ्या वाटेवर आहे. मुळा सहकारी साखर कारखाना येथेंच असल्यानें गाळपाच्या हंगामांत रस्ते उसाच्या वाहनांनीं भरून जातात. ऊस तोडणारीं कुटुंबें आपल्या कोपीपुढें तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजून घेतात. हॉटेलाची पायरी चढतो तो मुख्यतः वाहन घेऊन रांगेंत खोळंबलेला चालक. शनिवारीं व शनि-अमावास्येस यात्रेकरूंची भर पडते. या सर्वांत समान गोष्ट एकच, ती ही कीं घरची चूल त्या घटकेस जवळ नाहीं. जेथें अशीं माणसें जमतात तेथें स्वस्त अन्नाचें दुकान उगवतेंच.

आतां पातेल्याकडे वळूं. मिसळीचें उदाहरण घ्या. मटकी भिजून तिला मोड आले कीं वजन दुपटीच्या आसपास जातें. म्हणजे दुकानदारानें निम्मी मटकी वाण्याकडून आणली आणि निम्मी विहिरीवरून, असें विनोदानें म्हणतां येईल. भाजलेला कांदा, सुकें खोबरें, आलें, लसूण, मिरची व गरम मसाला यांचा कट हा त्याहून चतुर पदार्थ. त्यांत मुख्य भाग पाण्याचा, पण चव सारी त्याचीच. म्हणून पुष्कळ ठिकाणीं कट मागाल तितका फुकट वाढतात आणि जादा पावाचे मात्र पैसे घेतात. तिखट कट घेतला कीं पाव लागतो, आणि पाव संपला कीं चहा लागतो. मालकाचें औदार्य खोटें असतें असें नव्हे; तें हिशेबांत बसणारें असतें, इतकेंच. शिवाय पदार्थ दोन-तीनच असल्यामुळें कांहीं शिळें राहत नाहीं, आणि एकाच पातेल्यावर एकच माणूस शंभरांचें भागवूं शकतो.

दुसरी गोष्ट बांकांची. चार बांकांवर १६ माणसें बसतात असें धरा. प्रत्येकजण पंधरा मिनिटांत उठला तर तासांत ६४ जणांचें खाणें होतें. पाऊण तास बसला तर अवघ्या २१ जणांचें. जागेचें भाडें दोन्ही वेळीं तेंच. "येथें राजकीय चर्चा करूं नये" अशा पाट्या जुन्या हॉटेलांतून दिसत, त्यांचें कारण मालकाची राजकारणाविषयींची उदासीनता हें नव्हे. ज्यास निवांत बसावयाचें आहे त्यानें चौपट पैसे देऊन शहरांतील पंख्याखालीं बसावें.

ही युक्ति एकट्या महाराष्ट्राची नाहीं. तैवान बेटावरील अशाच चिंचोळ्या दुकानांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे सोयाच्या रसांत मंद आंचेवर शिजवून वाफाळत्या भातावर घालतात. त्यास लू-रौ-फान म्हणतात. आपल्यापैकीं पुष्कळांस तें चालणार नाहीं, पण अर्थशास्त्र मिसळीचेंच आहे: महाग पदार्थ थोडा, त्याचा रस पुष्कळ, आणि खालीं पोट भरणारें धान्य. १९४९ सालीं चीनमधील राष्ट्रवादी सरकार पराभूत होऊन आपल्या सैन्यासह त्या बेटावर आलें. तेथील गोमांसाच्या रश्श्यांतील शेवया पुढें फार लोकप्रिय झाल्या, त्यांचा उगम घरादारास मुकलेल्या त्या लोकांशींच जोडला जातो.

परंतु पाणी, पातेलें आणि बांक यांवर हिशेब संपत नाहीं. स्वस्ताईचा एक भाग असा असतो कीं तो कोणी मांडीतच नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून आलेले, बायकामुलें गांवीं ठेवलेले हजारों कामगार खाणावळींत जेवत. खाणावळ म्हणजे बहुधा चाळींतील एखादी खोली. ती चालविणारी बाई पहांटे उठून डबे भरी, आणि पैसे तिला मिळत महिन्याच्या पगारानंतर. तोंवर धान्य वाण्याकडून उधार किंवा कर्जाऊ पैशांतून, आणि त्याचें व्याज जबर. गिरणींत संप झाला तरी तिची चूल थांबत नसे. उधारी मात्र वाढे. तिच्या श्रमास मजुरी म्हणून कोणी आंकडा लावला नाहीं, म्हणूनच तें ताट स्वस्त होतें. ही गोष्ट ओळखून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें व खाणावळवाल्या बायांस राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज मिळवून दिलें. ज्यांस तारण ठेवावयास कांहींच नव्हतें अशा बाया बँकेच्या दारांत उभ्या राहिल्या, हें मला त्या काळांतील मोठ्या घटनांपैकीं एक वाटतें. जानेवारी १९८२ मध्यें मोठा संप सुरू झाला आणि गिरणगांवाची घडी कायमची मोडली. जेवणाऱ्यांबरोबर अनेक खाणावळीहि गेल्या.

ताटाची खरी किंमत उघड मांडली गेली ती २६ जानेवारी २०२० रोजीं सुरू झालेल्या शिवभोजन थाळींत. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात यांस जेवणाऱ्याकडून तेव्हां १० रुपये घेत. थाळीचा दर मात्र शहरांत ५० व खेड्यांत ३५ रुपये धरलेला असून वरचे ४० किंवा २५ रुपये सरकार भरी. दहा रुपयांचें जेवण दहा रुपयांत होत नाहीं, हें त्यामुळें कागदावर तरी आलें.

आमच्याकडील लहान हॉटेलवाल्यास वरचे पैसे देणारें कोणी नाहीं. तेल किंवा गॅसची टाकी महागली कीं तो फळ्यावरचा आंकडा लगेच पुसत नाहीं, कारण पांच रुपयांनीं रोजचें गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जातें. प्रथम फरसाणाची मूठ लहान होते. मग घरांतील मंडळी पहांटेपासून कांदा चिरावयास बसतात आणि कामावरचा पोरगा कमी होतो. मला स्वतःला खडूनें लिहिलेला वाढीव भाव पत्करतो. पुढच्या वेळीं अशा जागीं बसाल तेव्हां फळ्यावरील आंकड्याबरोबर आंत कांदा कोण चिरतें आहे तेंहि पाहावें. भाव बरेच दिवस स्थिर असेल तर उत्तर बहुधा तेथेंच सांपडतें.