पुठ्ठ्याचे खोके आणि कारखान्याची एकच वही

हापूस आंबे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, त्याची कापलेली कडा एकदा नीट पाहा. दोन सपाट कागदांमध्ये एक कागद लाटांप्रमाणे वळवून चिकटवलेला दिसेल. अशी खोकी करणाऱ्या कारखान्याची एक मौजेची अडचण असते. कागद विकत घेतात किलोग्रॅमवर, यंत्रावर तो लागतो चौरस मीटरमध्ये आणि खोकी विकतात नगावर. खरेदी, उत्पादन व विक्री हे विभाग जणू तीन निरनिराळ्या भाषा बोलतात!

त्यांचा दुभाषी म्हणजे जीएसएम, अर्थात एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. समजा, एका खोक्याला १ चौरस मीटर पुठ्ठा लागतो आणि तिन्ही कागद १२० जीएसएमचे आहेत. लाटेची वक्र लांबी सरळ अंतरापेक्षा जास्त असते, म्हणून मधला कागद जास्त लागतो. तो १.४ पट धरू. मग एका खोक्याला १२० + १२० + १६८ = ४०८ ग्रॅम कागद लागेल. (खळ व कात्रण आपण सोडून दिले आहे.)

आता १००० खोक्यांची मागणी आली. ४०८ किलो कागद मागवायचा का? थांबा. २०० खोकी तयार आहेत, म्हणजे उरलेल्या ८०० खोक्यांना ३२६.४ किलो कागद हवा. गोदामात २०० किलो आहे, पण त्यातला १२० किलो दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला! मोकळा फक्त ८० किलो. म्हणजे मागवायचा २४६.४ किलो. राखीव कागदाची नोंद निराळ्या वहीत राहिली, तर १२६.४ किलोच मागवला जाईल आणि ऐन हंगामात यंत्र थांबेल. आंबा थोडाच थांबणार आहे?

अशी वजाबाकी हजारो वस्तूंसाठी संगणकाकडून करून घेण्याच्या पद्धतीवर जोसेफ ऑर्लिकी यांचा ग्रंथ १९७५ साली निघाला. त्याआधी, १९७२ मध्ये, आयबीएम कंपनीतून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत ‘सॅप’ ही संस्था काढली होती. नोंद एकदाच करायची आणि ती सर्व विभागांनी वापरायची, ही अशा एकात्मिक प्रणालीमागची कल्पना. १९९० च्या दशकात तिला ‘ईआरपी’ हे नाव रूढ झाले.

पण एकच वही म्हटली की चूकही सर्वांची एकच होते. कोणी १२० च्या जागी १५० जीएसएम टंकले, तर ४०८ चे ५१० ग्रॅम होतात. खरेदी चुकते, किंमत चुकते, मालमोटारीवरचे वजनही चुकते. म्हणून जुन्या वह्या मिटण्यापूर्वी गोदामातील प्रत्येक रीळ मोजून घ्यावे लागते. त्यातही कागद ओलावा शोषतो. ५०० किलोचे रीळ पावसाळ्यात ५१० किलो भरले, तरी त्यातून खोकी काही जास्त निघत नाहीत. माझ्या मते या कामात संगणकापेक्षा तराजूच अधिक छळतो.

घाईचे फळ अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीला १९९९ मध्ये मिळाले. नवी प्रणाली ऐन सणाच्या तोंडावर सुरू केली आणि गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या पुरवता आल्या नाहीत.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. जुन्या खोक्याचा लाटांना आडवा असा २० सेंटिमीटरचा तुकडा कापा, जेणेकरून लांब कडेवर लाटा दिसतील. तो तासभर पाण्यात भिजवा. मधला कागद अलगद सोडवून सपाट करा, मोजा आणि २० ने भागा. तुमच्या खोक्यासाठी १.४ च्या जागी कोणता आकडा येतो?