गन अजून चालतेय, सर!

एकविसाव्या वर्षी तुम्ही काय करत होतात? कॅम्पस इंटरव्ह्यू, पहिला पगार, हप्त्यावर बाइक? सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्या वयात रणगाडे घेऊन सीमेपलीकडे लढत होता.

अरुणचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, आपल्या पुण्यातला. पुढे खडकवासल्याची एनडीए आणि १३ जून १९७१ ला ‘पूना हॉर्स’मध्ये कमिशन. डिसेंबरात युद्ध पेटलं तेव्हा तो अहमदनगरला कोर्स करत होता. कोर्स सोडून तो निघाला, आणि सामानात काय? गोल्फच्या स्टिक्स आणि पार्टीचा युनिफॉर्म. लाहोर जिंकल्यावर लागतील ना!

१६ डिसेंबर. नोकरीला जेमतेम सहा महिने झालेले. शकरगढ भागात, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाडे पलटवार करत होते. मदतीची हाक आली आणि अरुण ‘फामागुस्ता’ नावाचा आपला सेंच्युरियन रणगाडा घेऊन पुढे घुसला. त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे उडाले. त्यातले चार एकट्या अरुणच्या नावावर.

मग फामागुस्तालाही गोळा लागला, आग लागली. वायरलेसवर हुकूम आला: रणगाडा सोड. अरुणने साफ नकार दिला. त्याचं म्हणणं एवढंच, गन अजून चालतेय.

बाहेर पडला असता तर कुणी नावं ठेवली असती? साहेबांचाच तर हुकूम होता! पण समोरून रणगाडे येतच होते, आणि तो हटला असता तर त्यांना वाट मोकळी झाली असती. शेवटचा रणगाडा त्याने टिपला तो अवघ्या शंभरेक मीटरवर. त्यानंतरच्या गोळ्याने अरुण गेला. शत्रूला मात्र तिथून पुढे सरकता आलं नाही. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

गोष्ट इथे संपत नाही. २००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडियर नासर यांनी. निघायच्या आदल्या रात्री यजमानांनी मन मोकळं केलं: अरुणवर गोळा झाडणारा मीच. आणि हे सांगताना त्यांच्या बोलण्यात त्या पोराबद्दल आदरच होता.

पुढच्या वीकेंडला खडकवासल्याला कणसं खायला जाल, तेव्हा एनडीएच्या दिशेला एकदा बघा. तिथलं परेड ग्राउंड आज अरुणच्या नावाने ओळखलं जातं.