हेतुबद्ध देणग्या व त्यांचा हिशेब

शाळेस मिळणाऱ्या देणग्या दोन प्रकारच्या असतात. काही दाते 'शाळेच्या उपयोगासाठी' एवढेच सांगून रक्कम देतात. अशी रक्कम शाळा व्यवस्थापन समितीने गरज पाहून खर्चावी. दुसरे दाते हेतू सांगून देतात : पुस्तके घ्यावीत, पाण्याची टाकी बांधावी, अथवा दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ दरवर्षी एका मुलीस बक्षीस द्यावे. या देणग्यांस हेतुबद्ध देणग्या म्हणता येईल. त्या स्वीकारताच दात्याचा हेतू पाळण्याचे बंधन शाळेवर येते.

हे बंधन बहुधा दुष्ट बुद्धीने मोडले जात नाही. पावसाळा तोंडावर आलेला असतो, वर्गाचे छप्पर गळत असते, अनुदान आलेले नसते, आणि बक्षीसनिधीचे २०,००० रुपये बँकेत असतात. 'तूर्त वापरू, मागाहून भरून टाकू' असे सर्वांसच वाटते. छप्पर दुरुस्त होते. परंतु रक्कम भरली जात नाही. पुढे मुख्याध्यापकांची बदली होते, आणि दाता बक्षिसाची चौकशी करू लागला म्हणजे नव्या मुख्याध्यापकांपाशी उत्तर नसते. कोणी एक पैही खाल्लेली नसते, तरी गावाचा विश्वास उडतो व पुढील दाता हात आखडता घेतो.

मोठ्या विद्यापीठांवरही असा प्रसंग आला आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठास १९६१ साली रॉबर्टसन कुटुंबाकडून ३.५ कोटी डॉलरची देणगी मिळाली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सरकारी सेवेसाठी तयार करावे, हा तिचा हेतू होता. पैसा इतरत्र वापरला गेला असा आरोप करून वारसांनी २००२ साली दावा लावला. २००८ साली तडजोड झाली. तीनुसार नव्या प्रतिष्ठानासाठी ५ कोटी व कुटुंबाच्या दाव्याच्या खर्चापोटी ४ कोटी डॉलर देण्याचे विद्यापीठाने मान्य केले.

आपल्याकडे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ अन्वये, शासन, स्थानिक प्राधिकरण किंवा अन्य कोणत्याही मार्गाने मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे समितीचे काम आहे. यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

(१) हेतू लेखी घ्यावा. रक्कम किती, मूळ रक्कम खर्चावयाची की केवळ व्याज, आणि हेतू पुढे असाध्य झाल्यास काय करावे, हे दात्याच्या पत्रात असावे.

(२) समितीचा ठराव झाल्यावरच देणगी स्वीकारावी. विशिष्ट जातीच्या वा धर्माच्या मुलांस वगळण्याची अट असल्यास देणगी नम्रपणे नाकारावी. संविधानाच्या अनुच्छेद १५ शी ती विसंगत आहे.

(३) प्रत्येक निधीस हिशेबवहीत स्वतंत्र पान द्यावे. त्यावर जमा, व्याज, खर्च व शिल्लक मांडावी. बँकेतील खाते एकच असले तरी कोणत्या निधीचे किती रुपये, हे त्या पानांवरून केव्हाही सांगता आले पाहिजे.

(४) व्याजाच्या निधीत मूळ रकमेस हात लावू नये. समजा, २०,००० रुपयांवर द.सा.द.शे. ६ दराने १,२०० रुपये व्याज आले. दात्याची संमती असल्यास १,००० रुपयांचे बक्षीस देऊन २०० रुपये मुद्दलात मिळवावेत. असे न केल्यास महागाईमुळे बक्षिसाचे मोल वर्षानुवर्षे घटत जाते.

(५) उरलेली रक्कमही हेतुबद्धच असते. पुस्तकांच्या १०,००० रुपयांपैकी ९,४०० खर्च झाले, तर उरलेले ६०० पुस्तकांचेच होत.

(६) वर्षाअखेर दात्यास हिशेब कळवावा, आणि बदलीच्या वेळी कार्यभार देताना सर्व निधींची यादी पत्रांसह सोपवावी.

हेतू खरोखरच असाध्य झाला, उदाहरणार्थ बक्षिसाचा वर्गच बंद झाला, तर दात्याची अथवा वारसांची लेखी संमती घ्यावी, आणि समितीच्या ठरावासह प्रकरण गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवावे. न्यासांच्या बाबतीत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ५५ मध्ये अशा प्रसंगाची तरतूद आहे; विश्वस्तांनीही हेतू आपल्या मर्जीने बदलावयाचा नसतो.

गळक्या छपराची गरज खरी आहे. ती गावापुढे मांडून त्यासाठी स्वतंत्र वर्गणी मागावी. ज्या शाळेने पूर्वीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब चोख ठेवला आहे, तिला ती मागण्याचा संकोच वाटत नाही.