पंप बंद पडला तर…

इन्सुलिन पंप अंगवळणी पडला की इंजेक्शनांची आठवण राहत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते. शरीरात त्याचा साठा उरत नाही. नळी तुंबली वा यंत्र थांबले तर काही तासांतच साखर चढते, कीटोन वाढू लागतात. आणि हे नेमके बँक हॉलिडेला, क्लिनिक बंद असतानाच व्हायचे!

म्हणून जलद व दीर्घकाळ काम करणारे अशी दोन्ही पेने घरात हवीतच. पंपातला दिवसभराच्या बेसलचा आकडा कागदावर उतरवून ठेवा. यंत्र बंद पडले की तोही दिसत नाही. त्यावरून दीर्घ इन्सुलिन किती घ्यायचे, हे डायबेटिस नर्सकडून आधीच ठरवून घ्यावे. त्याचा असर व्हायला काही तास लागतात. तोवर आणि जेवणाला जलद इंजेक्शन लागतेच. नवा पंप आला तरी तो कधी लावायचा हे विचारूनच ठरवा, कारण आदले इन्सुलिन अंगात असते.

रक्तातील कीटोन १.६ किंवा अधिक असतील तर टीमला वा १११ ला फोन करावा. ३ च्या वर गेले तर थेट ९९९.

खर्चाचे म्हणाल तर इंग्लंडमध्ये मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट असले की प्रिस्क्रिप्शन मोफत असते. ते पाच वर्षांनी संपते, तारीख पाहून घ्या. वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंडमध्ये सर्वांनाच मोफत. तेव्हा जादा पेन मागायला संकोच नको. भारतात जाताना मात्र पेने हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते.