यंत्राचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. जपानी आर्केड खेळांच्या बाबतीत मात्र ही म्हण खोटी ठरते. जपानमधील खेळघरांत ज्या यंत्रात शंभर येनचे नाणे टाकल्यावाचून खेळ सुरू होत नसे, तेच यंत्र ‘मेम’ या कार्यक्रमाच्या द्वारे घरच्या संगणकावर अवतरले, की कळफलकावरील ५ हा आकडा दाबावा. यंत्राची समजूत होते, की नाणे पडले. मग १ दाबावा आणि खेळास आरंभ करावा. आपण आपल्या मूळ पेटीत नाही, याचा त्या जुन्या खेळाला पत्ताही नसतो. तो लागू न देणे, हेच या विद्येचे मर्म होय.

आर्केड यंत्र म्हणजे एका मोठ्या पेटीत बसविलेला बहुधा एकच खेळ. आत चिपांनी भरलेला बोर्ड, वर काचेच्या नळीचा पडदा, समोर एक दांडी आणि दोनचार बटणे. खेळाचा कार्यक्रम ज्या चिपांत कायमचा भरलेला असतो, त्यांना रॉम म्हणतात. ही चिप अलगद उपटून वाचकयंत्रावर बसविली म्हणजे तिच्यातील आकडे संगणकाच्या फाइलीत उतरवून घेता येतात. टाइटो कंपनीच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या १९७८ सालच्या खेळाचा सारा कार्यक्रम चार चिपा मिळून अवघा ८ किलोबाइट भरतो. आज हातातील फोनने काढलेले एखादे साधे छायाचित्रही याच्या कितीतरी पट जागा व्यापते. परंतु हे आकडे घरच्या संगणकापुढे ठेवले, तर त्याला त्यांतून काही बोध होत नाही. ते इंटेलच्या ८०८० नामक जुन्या प्रोसेसरच्या भाषेतले आहेत.

येथे दोन मार्ग संभवतात. खेळ पाहून तसाच दुसरा नव्याने लिहावा, हा एक. खेळाला हात न लावता, तो ज्या यंत्रावर चालत होता त्या यंत्राचेच सोंग घ्यावे, हा दुसरा. एम्युलेटर हा दुसऱ्या मार्गाने जातो. मूळ कार्यक्रमातील एकेक आज्ञा तो उचलतो, जुन्या प्रोसेसरने तिचे जे केले असते तेच करतो, आणि त्याला तेवढा वेळ लागला असता तेवढाच लागला असे भासवितो. या शेवटच्या अटीतच सारी मेख आहे.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचणारे तोमोहिरो निशिकादो यांच्या हाती जो प्रोसेसर होता, त्याची गती सुमारे २ मेगाहर्ट्झ होती. पडद्यावर शत्रूंच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, असे पंचावन्न परग्रहवासी. इतक्यांना एकाच वेळी हलविणे त्या बिचाऱ्याला झेपत नसे. म्हणून पडद्यावरील चित्र सेकंदात साठ वेळा पुन्हा रंगत असताना प्रत्येक वेळी एकाच शत्रूला एक पाऊल पुढे टाकू दिले जाई. सर्व पंचावन्नांचे एक पाऊल पुरे होण्यास सेकंदाला थोडाच कमी वेळ लागे. खेळणारा एकेकाला टिपू लागला, की उरलेल्यांची पाळी लवकर लवकर येई आणि साहजिकच त्यांचा वेग वाढे. शेवटचा एकटा उरलेला शत्रू तर अक्षरशः धावत सुटे. ही उणीव निशिकादोंच्या ध्यानात आली होती. त्यांनी ती हेतुतः तशीच ठेवली, आणि तिच्यातूनच त्या खेळाची उत्कंठा निर्माण झाली. यंत्राचा दुबळेपणा हाच येथे खेळाचा प्राण आहे. घरचा शक्तिमान संगणक हाच कार्यक्रम आपल्या अंगच्या वेगाने चालवू लागला, तर सगळे शत्रू क्षणार्धात खाली उतरतील आणि खेळ संपेल. तेव्हा एम्युलेटरला बलवान असूनही दुबळ्याची चाल चालावी लागते. आपल्याकडचा बहुरूपी लंगड्याचे सोंग घेताना एकही पाऊल सरळ टाकत नाही, तसेच हे.

याच यंत्राची आणखी एक खुबी आहे. काचेच्या नळीत चित्र एकदम उमटत नाही. किरण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीओळीने ते रेखीत जातो. किरण अर्ध्यावर आला म्हणजे प्रोसेसरला एक इशारा मिळे आणि शेवटास पोचला म्हणजे दुसरा. किरण ज्या अर्ध्या भागात असेल तो सोडून उरलेल्या भागात चित्र बदलावयाचे, म्हणजे ते फाटके दिसत नाही. आज घरोघरी जे सपाट पडदे आहेत, त्यांत असा किरण नाहीच. तरीही एम्युलेटरला तो कल्पावा लागतो, आणि नेमक्या क्षणी ते दोन इशारे द्यावे लागतात.

आवाजाचे प्रकरण याहून अवघड. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे कित्येक आवाज कार्यक्रमात लिहिलेले नव्हतेच, ते निरनिराळ्या विद्युत्‌मंडलांतून निघत. रॉममधील प्रत्येक आकडा हाती आला, तरी आवाज हाती येत नाही! म्हणून खऱ्या यंत्राचे आवाज ध्वनिमुद्रित करून तेच वाजविण्याची तोड दीर्घकाळ चालू होती.

सोंग खरे असले म्हणजे मूळ यंत्राच्या चुकाही त्यात उतरतात. नामको कंपनीच्या १९८० सालच्या ‘पॅकमॅन’मध्ये पातळी मोजणारा आकडा २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही. २५६ व्या पातळीस तो पुन्हा शून्यावर येतो, फळांची चित्रे काढणारा भाग गोंधळतो, आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो. घरच्या संगणकावर या पातळीपर्यंत पोचणाऱ्यालाही हाच गोंधळ पाहावयास मिळतो. कोणी तो सुधारून ठेवला असता, तर ती मूळ खेळाची प्रत म्हणता आली नसती.

‘पॅकमॅन’च्याच जातीच्या बोर्डांपासून आरंभ करून निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ प्रसिद्ध केला. पुढे अनेकांचे हात लागून त्यात हजारो यंत्रांची भर पडली. २०१६ पासून तो मुक्त परवान्याखाली कोणासही मिळतो. रॉमची गोष्ट मात्र निराळी. यंत्राचे सोंग घेणारा कार्यक्रम स्वतंत्रपणे लिहिलेला असतो, पण खेळ ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा राहतो; परक्याकडून त्याची फुकट प्रत घेणे कायद्यात बसत नाही. सामान्य माणसाने अधिकृत आवृत्त्याच घ्याव्या हे सोयीचे. हॅम्स्टर या जपानी कंपनीने २०१४ पासून ‘आर्केड आर्काइव्ह्‌ज’ या मालेत कितीतरी जुने खेळ परवान्याने आणले आहेत.

मग हा खटाटोप मुळात कशासाठी, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-२ या बोर्डाने दिले. आधीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळाच्या बनावट प्रती बाजारात सुळसुळल्या होत्या. म्हणून १९९३ साली आलेल्या या नव्या बोर्डात रॉममधील कार्यक्रम सांकेतिक लिपीत ठेवण्यात आला. तो उलगडण्याची किल्ली एका बॅटरीच्या आधाराने स्मृतीत जतन केलेली असे. बॅटरी उतरली की किल्ली नाहीशी, आणि किल्ली गेली की खेळ गेला. यंत्र कोणी खेळो वा कोठारात पडून राहो, बॅटरी आपल्या गतीने झिजतच होती. संग्राहक तिला ‘आत्मघातकी बॅटरी’ म्हणत. पैसे मोजून बोर्ड विकत घेणाऱ्या खेळघरवाल्याचा यात काय अपराध होता, हे कळत नाही.

२००१ च्या प्रारंभी काही हौशी अभ्यासकांनी जिवंत बोर्डाकडूनच उलगडलेला कार्यक्रम वदवून घेण्याची युक्ती साधली. तिला प्रत्येक खेळाचा एक तरी चालता बोर्ड लागे, आणि चालते बोर्ड तर दिवसेंदिवस घटत होते. जानेवारी २००७ मध्ये अँड्रियास नाइव्ह आणि साल्मोरिया यांनी ती सांकेतिक पद्धतीच पुरती उकलली. किल्ली ६४ बिटांची निघाली. आता ती गणिताने काढता येऊ लागली आणि ‘मेम’मध्ये त्या त्या खेळाची किल्ली नोंदली गेली.

पुढे २०१६ मध्ये आणखी काही अभ्यासकांनी त्या बोर्डात किल्ली परत कशी लिहावी, हे शोधून काढले. एका लहानशा स्वस्त नियंत्रक बोर्डाच्या साह्याने हे काम घरबसल्या होते. पूर्वी ज्यांना चालू करताच पडद्यावर नुसता एक रंग पसरे, ते मृत बोर्ड आता मूळ पेटीत, मूळ पडद्यावर पुन्हा नाणे मागू लागले आहेत.