फोन ठेवणाऱ्यांचं मत कुठे जातं?

निवडणूक आली की अमेरिकेत ध्वनिमुद्रित प्रचाराचे फोन वाजत राहतात. नकोशा फोनना रोखणाऱ्या सरकारी नोंदणीतून राजकीय फोनना सूट आहे, आणि ती मला अन्यायकारक वाटते. काही फोन तर पाहणीच्या नावाखाली प्रतिस्पर्ध्याची बदनामी करतात. लोक वैतागून फोन ठेवतात; मग प्रामाणिक पाहणीही लंगडी पडते, कारण उत्तर देणारे इतरांसारखेच असतील याची खात्री उरत नाही.

हा धोका जुनाच आहे. १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कौल घेण्यासाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, परत आल्या २४ लाखांच्या आसपास. पत्ते बरेचसे दूरध्वनी आणि मोटारमालकांच्या याद्यांतले, म्हणजे मंदीतही बऱ्या स्थितीतल्यांचे. शिवाय तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी अधिक हिरिरीने उत्तरं धाडली. अंदाज रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांच्या विजयाचा होता. रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. जनमत पाहणी करणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता.