गोटी बसते कशी, निसटते कशी?

जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात तुम्ही एक छोटी गोल डबी पाहिली असेल. वर पारदर्शक झाकण, आत एक रंगीत चित्र, चित्रात तीन-चार बारीक भोके आणि तितकेच छर्रे. डबी हातात धरून हलके हलके कलवायची आणि एकेक छर्रा एकेका भोकात बसवायचा. दोन बसतात. तिसऱ्याच्या मागे लागावे, तो पहिले दोन निसटतात! कोणी म्हणतो, "हा सगळा नशिबाचा खेळ." कोणी म्हणतो, "ज्याचा हात स्थिर, त्यालाच जमायचे." यात खरे काय? ते शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे असा खेळ स्वतःच तयार करणे. मात्र भोके अंदाजाने पाडायची नाहीत, गणित करून पाडायची.

ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेतील चार्ल्स क्रँडॉल या खेळणी बनवणाऱ्या गृहस्थाने १८८९ साली 'पिग्ज इन क्लोव्हर' नावाचा खेळ बाजारात आणला. एकात एक अशी गोल कुंपणे, प्रत्येक कुंपणाला फट आणि मधोमध कोंडवाडा. गोट्या म्हणजे कुरणात शिरलेली डुकरे! पाटी कलवत कलवत त्यांना फटींतून कोंडवाड्यात न्यायचे. या खेळाने त्या वर्षी अमेरिकेत लहानथोरांना वेड लावले होते. आपला खेळ मात्र त्याहून साधा असेल.

साहित्य

प्लायवुडचा १६ सें.मी. लांबी-रुंदीचा सपाट चौकोनी तुकडा घ्या. तो वाकलेला नसावा. त्याच्या चारही कडांना बाहेरून सुमारे २ सें.मी. उंचीच्या लाकडी पट्ट्या लावायच्या आहेत, पण त्या शेवटी. खेळण्यासाठी नेहमीच्या काचेच्या चार सारख्या गोट्या लागतील. दोन पुस्तकांच्या मध्ये गोटी धरून पुस्तकांमधील अंतर मोजा. ते १६ मि.मी.च्या आसपास भरेल. आपण गोटीचा व्यास १६ मि.मी. धरू. पाटी १६ सें.मी. आणि गोटी १६ मि.मी. हा योगायोग नाही. त्याचा फायदा लगेच दिसेल.

भोक किती मोठे हवे?

आधी प्लायवुडच्या दुसऱ्या, पण तेवढ्याच आकाराच्या तुकड्यावर सुताराकडून २, ३, ४ आणि ६ मि.मी. व्यासाची चार भोके पाडून घ्या. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने साफ करा. प्रत्येक भोकावर एक गोटी ठेवा. आता पाटीची एक कड टेबलावर टेकवून ठेवा आणि समोरची कड सावकाश उचला. शेजारी पट्टी उभी धरा. कोणती गोटी किती उंचीला निसटते ते लिहून ठेवा.

२ मि.मी.च्या भोकातील गोटी कड सुमारे २ सें.मी. उचलताच निसटेल. ३ मि.मी.ची ३ सें.मी.ला, ४ मि.मी.ची ४ सें.मी.ला आणि ६ मि.मी.ची ६ सें.मी.ला. असे का व्हावे?

गवताने भरलेली बैलगाडी कधी कलंडते? तिच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा चाकाच्या बाहेर गेली की. गोटीचेही तसेच आहे. ती भोकाच्या काठावर टेकलेली असते आणि तिचा गुरुत्वमध्य म्हणजे तिचे केंद्र. पाटी सपाट असताना केंद्रातून काढलेली उभी रेषा भोकाच्या मधोमध पडते. पाटी कलू लागली की ही रेषा उताराकडच्या काठाकडे सरकते. तिने काठ ओलांडला की गोटी निसटली! भूमितीने याचा नियम असा निघतो :

कड उचलल्याची उंची ÷ पाटीची लांबी = भोकाचा व्यास ÷ गोटीचा व्यास

आपल्या पाटीत दोन्हीकडे भाजक १६ आहे. म्हणून भोक जितके मि.मी., तितके सें.मी. कड उचलली की गोटी सुटते. या नियमात गोटीचे वजन कोठेही नाही. त्याच आकाराची पोलादी गोळी घेतलीत तरी ती त्याच उंचीला निसटेल. करून पाहा.

गोटी किती वेगाने पळते?

गॅलिलिओने वस्तूंच्या पडण्याचा अभ्यास करण्यासाठी उतारावरून गोळे सोडले. त्याचे ते प्रयोग १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात वाचायला मिळतात. उताराचा उपयोग असा की तेथे गुरुत्वाकर्षण जणू पातळ होते. पडणारी वस्तू दर सेकंदाला ९८० सें.मी. प्रतिसेकंद इतका वेग मिळवते. आपल्या पाटीची कड अर्धा सें.मी. उचलली, तर त्याचा बत्तिसावा भागच उरतो. शिवाय गोटी घसरत नाही, घरंगळते. गुरुत्वाकर्षणाने दिलेल्या ऊर्जेपैकी २/७ भाग तिच्या स्वतःभोवती फिरण्यात जातो आणि पुढे जाण्यासाठी ५/७ भागच राहतो. हिशेब केला तर त्वरण सुमारे २२ सें.मी. प्रतिसेकंद प्रतिसेकंद येते. (घर्षण येथे सोडून दिले आहे.)

आता तुमच्याकडे वळू. मित्राला ३० सें.मी.ची पट्टी उभी धरायला सांगा. पट्टीचे शून्य तुमच्या अंगठा आणि बोट यांच्या मध्ये असू द्या. तो न सांगता पट्टी सोडील, तुम्ही ती चिमटीत पकडा. पट्टी सुमारे २० सें.मी. घसरून सापडली, तर तुम्हाला ०.२ सेकंद लागले असे समजा. डोळ्यांनी पाहायचे, मेंदूने ठरवायचे आणि बोटांनी करायचे, यासाठी साधारण एवढा वेळ प्रत्येकालाच लागतो.

या ०.२ सेकंदात अर्धा सें.मी. कललेल्या पाटीवरची गोटी ४.४ मि.मी. पुढे जाते. मग तुम्ही पाटी तेवढीच उलट कलवता. तरी थांबेपर्यंत ती आणखी ४.४ मि.मी. जाते. म्हणजे एकूण जवळजवळ ९ मि.मी. तुमच्या ताब्यात नसतात. घाईने कड २ सें.मी. उचललीत तर हेच अंतर चौपट, म्हणजे साडेतीन सें.मी. होते! घाई करणारा का हरतो, ते यावरून कळेल.

भोके कोठे पाडायची?

बसलेल्या गोटीला धावती गोटी धडकली की काय होते, हे गोट्या खेळणाऱ्याला सांगायला नको. धावती थांबते आणि बसलेली पळते. म्हणून दोन बसलेल्या गोट्यांच्या मधून तिसरीला जायला वाट हवी. गोटीची रुंदी १६ मि.मी. आणि दोन्ही बाजूंना ९-९ मि.मी. मोकळीक, मिळून ३४ मि.मी. दोन्हीकडच्या बसलेल्या गोट्यांच्या अर्ध्या-अर्ध्या रुंदीचे आणखी १६ मि.मी. धरले की भोकांच्या केंद्रांमध्ये ५० मि.मी., म्हणजे ५ सें.मी. अंतर ठरते. पाटीच्या मधोमध ५ सें.मी. बाजूचा चौरस आखा आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर भोके पाडा. प्रत्येक भोक जवळच्या दोन्ही कडांपासून साडेपाच सें.मी. अंतरावर येईल. भोकाचा व्यास सुरुवातीला ३ मि.मी. ठेवा. मग कडेच्या पट्ट्या लावून टाका.

थरथरणाऱ्या हाताचे काय?

प्रयोगशाळेत "सर, माझा हात थरथरतो" असे सांगून नाजूक कामापासून मागे राहणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हा भाग मुद्दाम लिहीत आहे. हात पुढे पसरून बोटांवर एक पातळ कागद ठेवा आणि कागदाच्या कडेकडे पाहा. ती हलताना दिसेल. प्रत्येक निरोगी माणसाच्या हाताला असा बारीक कंप असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा.

समजा, या कंपाने पाटीची कड अर्धा मि.मी. वरखाली होते. एवढाच कल पूर्ण एक सेकंद टिकला, तर गुळगुळीत पाटीवर गोटी सुमारे १.१ सें.मी. सरकेल. परंतु कंपात एका बाजूचा कल साधारण १/२० सेकंद टिकतो. वेळ वीस पट कमी झाला की अंतर वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे पट कमी होते. ते भरते सुमारे ०.०३ मि.मी., माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. शिवाय लगेच उलटा कल येऊन गोटीला थोपवतो. थोडक्यात, तुमचा हात थरथरतो हे गोटीला कळतही नाही! तिला कळतो तो नकळत राहून गेलेला, सावकाश टिकणारा कल. आणि दुसरा शत्रू म्हणजे हिसका. पाटीला हिसका बसला की गोटी जडत्वामुळे जागीच राहू पाहते, भोक तिच्याखालून सरकते आणि ती सुटते.

म्हणजे या खेळातली स्थिरता ही दगडासारखी स्थिरता नव्हे. सतत पाहत राहून लहान लहान दुरुस्त्या करत राहणे, ही ती स्थिरता आहे. आणि ती सरावाने येते.

अवघड आणि अशक्य

आता पाटीवर मखमलीचा तुकडा चिकटवला तर? मऊ पृष्ठभागात गोटी किंचित रुतते आणि थोड्याशा कलाने हलतच नाही. ती कोणत्या उंचीला चालू लागते ते मोजा. समजा ती १ सें.मी.ला चालू लागली आणि भोकातली ३ सें.मी.ला निसटते. मग या दोन उंचींच्या मधला २ सें.मी.चा पट्टा हेच तुमचे खेळाचे मैदान. पट्टा अरुंद केला की खेळ अवघड होतो. पण गोटी चालू लागण्याआधीच बसलेल्या गोट्या निसटत असतील, तर तो खेळ अवघड नव्हे, अशक्य आहे. अशा खेळात हरणाऱ्याला हसणे अन्यायाचे ठरेल. दोष हाताचा नसून भोकाचा आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू : नशीब की कौशल्य? तीस-तीस सेकंदांचे दहा डाव डोळे मिटून खेळा. पाटी वाटेल तशी हलवा आणि प्रत्येक डावाअखेर बसलेल्या गोट्या मोजा. मग दहा डाव डोळे उघडे ठेवून खेळा. दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या आल्या, तर तुमचा खेळ नशिबाचा आहे. भोके लहान करा. उघड्या डोळ्यांनीही काहीच बसत नसेल तर भोके मोठी करा. बेरजांत मोठा फरक पडला, तर खेळ कौशल्याचा आहे असे खुशाल म्हणा.

आठवडाभर रोज दहा डाव खेळून रोजची बेरीज आलेख-कागदावर मांडा. रेघ वर चढू लागली की ती तुमच्या हाताची प्रगती समजा. धाकट्या भावंडांसाठी ६ मि.मी.च्या भोकांची वेगळी पाटी करा. त्यांच्या आणि तुमच्या आलेखांची तुलना करायला विसरू नका.